मांडीवरचं वजन धरत नाहीत

वैशाखातल्या एका सकाळी मी अंगात तीन कोट घालून साताऱ्याच्या मोटार स्टँडवर उभा होतो. आतला लग्नातला, मधला शाळेत जायचा, आणि वरचा आमच्या वडिलांचा लोकरीचा. तो त्यांनीसुद्धा फक्त माघातल्या थंडीत वापरला असेल. पोटावर पंच्यानं एक लोखंडी चाक बांधलेलं होतं. डाव्या बाहीत एक दांडा होता, आणि सहा खिशांत स्क्रू, पट्ट्या, बॉबिनी असा सगळा जामानिमा. मला कुणी नुसता खांदा लावला असता तरी मी वाजलो असतो.

ही हकीकत मी घरात इतक्यांदा सांगितली आहे, की आता मुलं मला मधेच थांबवून दांडा उजव्या बाहीत होता अशी दुरुस्ती करतात. दांडा डाव्याच बाहीत होता. अजून पाऊस यायचा झाला की तो हात दुखतो, त्यामुळे माझ्या स्मरणशक्तीवर कुणी शंका घेऊ नये.

दिवस लढाईचे होते. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून सर्व्हिसच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मोटारीच्या पाठीला आंघोळीच्या बंबासारखं एक धूड बसवलेलं असायचं. त्यात लोणारी कोळसा पेटवायचा, क्लीनरनं अर्धा तास पंखा फिरवायचा, मग गाडीला दम यायचा. आला तरी म्हाताऱ्या माणसाइतकाच यायचा. त्यामुळे सामानावर फार कडक नियम होता. माणशी वीस रत्तल, म्हणजे आताचे नऊ किलो. त्यावर एक रत्तल भरलं तरी उतरवून ठेवायचे. जादा भाडं देतो म्हटलं तरी नाही.

मात्र एक सवलत होती. उतारू स्वतःच्या मांडीवर जे धरून बसेल त्याचं वजन धरत नसत. आता मांडीवर ठेवल्यानं वजन कमी होतं, हे मी शाळेत मुलांना शिकवलं नव्हतं. पण सगळ्या जिल्ह्याचा त्यावर गाढ विश्वास होता. मोटारीत शिरलेल्या माणसाचं तोंड दिसायचं नाही, बोचकंच दिसायचं. बायका दोन-दोन लुगडी नेसून यायच्या. एका गृहस्थांना मी एकावर एक तीन धोतरं नेसलेलं पाहिलं आहे. ते चालताना पखाल हलल्यासारखे हलायचे.

आमची अडचण धोतराच्या पलीकडची होती. माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला सांगलीला सासरी पोचवायचं होतं. मुलगी पाच महिन्यांची झाली होती. मेहुणे पलटणीत, कुठे तरी समुद्रापार. चार महिने त्यांचं पत्र नव्हतं. पुढे ते परत आले, हाताचं एक बोट तिकडे ठेवून आले, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक? सासरी शेत होतं. पण ते तीन भावांत, आणि खाणारी तोंडं बरीच. बहिणीनं त्या पाच महिन्यांत आमच्या आळीतल्या शिंप्याकडे बसून शिवण शिकून घेतलं. शिंपी पुण्याला लष्कराचे गणवेश शिवायला निघाला, तेव्हा तिनं हातातल्या दोन पाटल्या काढून दिल्या आणि त्याचं जुनं हातमशीन घेतलं. मला विचारलंसुद्धा नाही. नंतर म्हणाली, "दादा, कापडाची टंचाई हाय. लोकं जुन्या धोतराची झबली करून घ्यायला लागल्यात. माझं आन् पोरीचं निघंल त्यावर. कुणापुढं हात पसरायला नको."

ते मशीन सांगलीला पोचणं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पाटल्या तर गेल्याच होत्या. आगगाडीनं पाठवावं, तर लढाईचा माल आधी. आपलं पार्सल कधी निघेल ते कुणी सांगेना. राहता राहिली मोटार.

आदल्या दिवशी मी घरात काटा टांगून सगळं मोजलं. तिच्या वीस रत्तलांत तिची ट्रंक बसली, तीही पोरीची दुपटी बाहेर काढल्यावर. माझ्या वीस रत्तलांत मशीनचा लाकडी पाट आणि झाकण. चाक, दांडा आणि बारीकसारीक लोखंड माझ्या अंगावर. उरलं मशीनचं धड. तेच खरं मशीन. ते एकटंच वीस रत्तलांच्या वर भरलं. ते मांडीवर न्यावं, तर उघड्या लोखंडाला मांडीवर घेऊन बसलेली बाई बुकिंगचा कारकून कशी सोडेल? गोणीत घालावं, तर गोणी उघडून बघायचे.

मी डोकं धरून बसलो होतो. तोडगा आईनं काढला. ती म्हणाली, लेक सासरी निघाली की तिची ओटी भरायचीच असते. ओटी पदरात, पदर मांडीवर. काट्याला ओटी लावायची कुणाची छाती आहे?

मला ही युक्ती फार आवडली. मी शिकलेला माणूस. रीतिरिवाजांचा असा काही उपयोग होतो म्हटल्यावर मला आनंदच झाला.

सकाळी धड एका जुन्या खणात गुंडाळलं. बहिणीनं जाड इरकली लुगड्याचा पदर पसरला. आई पाटावर समोर बसली. नुसतं धड पदरात टाकायचं आणि वर चार मुठी तांदूळ पसरून झाकायचं, एवढंच ठरलं होतं. पण आईच्या हाताला खोटी ओटी भरता येईना. तिनं आधी त्या लोखंडाला हळदकुंकू लावलं. मग बहिणीला लावलं. मग पाच वेळा ओंजळीनं तांदूळ घातले, नारळ ठेवला, हळकुंड, सुपारी, सगळं यथासांग केलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं पदराच्या टोकानं पुसलं, आणि म्हणाली, "घरच्या द्येवापुढं जाईस्तवर कुठं खाली ठिवू नगंस. जावयाची खुशाली हाय ह्यात."

मी कोटाची बटणं लावत होतो. तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं, पण चौदावं बटण लागत नव्हतं.

स्टँडवर कारकुनानं ट्रंक ताणकाट्याला लावली. काटा वीसवर थरथरत थांबला. त्यानं पाट आणि झाकण लावलं, तेही बसलं. मग तो बहिणीच्या पदराकडे बघू लागला. आई पोचवायला आली होती. तिनं सरळ विचारलं, "लेकीची ओटी हाय. काट्याला लावताय का?"

तो माणूस दोन पावलं मागं सरला आणि नको नको म्हणाला. मग माझ्यासमोर आला. माझ्या गळ्यावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. त्यानं माझ्या पोटाकडे पाहिलं.

"मास्तर, तब्येत सुधारली."

"सुट्टी आहे ना शाळेला," मी म्हणालो.

मोटारीत बसलो तेव्हा आठ वाजून गेले होते, आणि मी त्या दिवसापुरता पुरा दमून गेलो होतो. अजून मोटार हललीही नव्हती. माझ्या मांडीवर भाची होती. चाकाची कड फासळीला लागत होती. श्वास आत घेतला की जास्त, सोडला की कमी. त्यामुळे मी बहुतेक श्वास सोडूनच बसलो. बहिणीच्या शेजारी माण तालुक्याकडची एक म्हातारी होती, दहिवडीपलीकडल्या कुठल्या वाडीची. मुलगा मुंबईला गिरणीत, ही लेकीकडं कऱ्हाडला निघालेली. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही, खांद्यावर घोंगडं. आणि मांडीवर एक करडू. ते अधूनमधून माझ्या वरच्या कोटाची बाही चघळायचं. मी ती चघळू दिली. तेवढीच हवा लागत होती.

मोटार चालली, म्हणजे धूर काढत सरकली. नागठाणं गेलं, अतीत गेलं. उंब्रजच्या अलीकडे कुठे तरी एक चढ लागतो. बैलगाडीवाल्याला तो चढ आहे हे सांगावं लागेल. पण आमच्या मोटारीनं तिथं दोनदा खोकलून मान टाकली. ड्रायव्हर खाली उतरला, बंबाला कान लावून ऐकलं, आणि दारात येऊन म्हणाला, "उतरा, पावनं. चालत या वरपतूर. आन् मांडीवरलं संगट घ्या समद्यांनी."

एकानं विचारलं, सामान आत राहू दे की, आम्ही उतरतो.

"तुमच्यापरीस त्येच जड हाय," ड्रायव्हर म्हणाला. "मला ठावं न्हाई व्हय, काय काय बसलंय ते मांडीवर?"

तेव्हा त्या मोटारीतून जे उतरलं ते बघण्यासारखं होतं. सांगलीच्या पेठेतले एक जैन व्यापारी होते. त्यांनी शालीखालून हळदीच्या नमुन्याच्या चार पिशव्या काढल्या आणि खाली बघत त्या दोन्ही खांद्यांना लावल्या. एका बाईच्या कुंचीतल्या बाळाला सगळा रस्ताभर कुणी रडताना ऐकलं नव्हतं. ते बाळ पाट्यावरचा वरवंटा निघालं. कुणी कुणाला हसलं नाही. सगळेच सापडले होते. मोटार रिकामी झाली, क्लीनरनं पंखा फिरवला, आणि ती आमच्या समोरून निघून गेली. चढावर मधे थांबणं तिला शक्य नव्हतं. वर जाऊन थांबणार होती, तीही कोळसा पुरेल तेवढीच.

ऊन आता वर आलं होतं. रस्त्यावरचा फुफाटा वहाणेतून आत यायचा. मी एका हातावर भाचीला घेतलं, दुसरा हात बाहीतल्या दांड्यामुळे वाकत नव्हता. थोडं चालल्यावर चाकाचा पंचा सुटला आणि चाक खाली सरकून मांडीवर आपटायला लागलं. त्या चालीनं मी पुढं चाललो होतो. वळून पाहिलं तर बहीण मागं राहिली होती. एका बाभळीला टेकून उभी. दोन्ही हातांनी पदर पोटाशी धरलेला. बाळंतपणात तिनं बरंच सोसलं होतं. तोंडाला रंग राहिला नव्हता.

मी मागं गेलो आणि म्हणालो, "दे इकडं. पोरीला तू घे."

"गड्याच्या हातात ओटी देत्यात व्हय?"

"मग खाली ठेव थोडा वेळ. बस."

"आईनं ठिवू नको म्हणून सांगितलंय."

माझं डोकं फिरलं. तीन कोटांत कुणाचंही फिरलं असतं. मी म्हणालो, ती ओटी नाही, शिंप्याचं मशीन आहे. तुला, मला, आईला, सगळ्यांना ठाऊक आहे.

"मशीन हाय ते मला तुझ्यापेक्षा जास्त ठावं हाय, दादा," ती म्हणाली. "माझ्या पाटल्या हायत ह्यात. पर आता कुंकू लावलंय त्याला."

ती खरं तेच बोलत होती. नवऱ्याचं चार महिने पत्र नसलेली बाई ते धड रस्त्यावर ठेवणार नव्हती, आणि उचलून चालणंही तिला जमणार नव्हतं. वर मोटारीचा धूर दिसत होता. ती आमच्याविना निघून गेली तर पाट, झाकण आणि ट्रंक सांगलीला, आणि आम्ही बाभळीखाली. शिवाय ती पडली, ते धड दगडावर आपटलं, तर ओतीव लोखंड. तडा जायला वेळ नाही. मी शाळेत जे काही शिकलो होतो ते सगळं आठवून पाहिलं. काही सुचलं नाही.

तेवढ्यात ती माणची म्हातारी मागून आली. करडू दोरीनं ओढत होती. आमच्याजवळ थांबली, बहिणीकडं पाहिलं, पदराकडं पाहिलं.

"बाई बाईच्या वटीत घालती," ती म्हणाली. "माझ्या पदरात वत. वर गेल्याव तुझ्या पदरात वतते. भुईला टेकायचं न्हाई, झालं." मग कपाळावरचा पदर मागं सारला. "पर माझं कपाळ बघून वत, बाई. मागनं म्हणशील."

आता जे सांगतो ते घरी सांगताना मी बरीच वर्षं गाळत होतो. मी शाळेत मुलांना सांगायचो, की मांजर आडवं गेल्यानं काही होत नाही, विधवेचं तोंड पाहिल्यानं काही होत नाही, हे सगळे आपल्या मनाचे खेळ आहेत. त्यावर एकदा निबंधही लिहायला दिला होता. आणि त्या बाभळीखाली पहिला मीच म्हणालो, "असू दे, मावशी. आम्ही बघतो काही तरी." फार गोड आवाजात म्हणालो. म्हातारीनं नुसती मान हलवली. तिला सवय असावी.

"दादा, तू गप," बहीण म्हणाली.

तिनं पदर सैल केला. म्हातारीनं आपला पदर पसरून तिच्या पदराखाली धरला. दोघी एकमेकींना अगदी चिकटून उभ्या राहिल्या, आणि ते लोखंड, तांदूळ, नारळ, सगळं एका पदरातून दुसऱ्यात हळूच उतरलं. थोडे दाणे सांडले ते करडानं खाल्ले. बहिणीनं वाकून म्हातारीच्या पायाला हात लावला. मला वाटलं, ती आता चक्कर येऊन तिथंच बसते. पण ती सरळ झाली, माझ्या हातातून पोरीला घेतलं आणि चालायला लागली.

म्हातारीनं पदराची गाठ मारून भार कमरेवर घेतला, जसं आजारी मेंढरू घेतात. जन्म मेंढरांमागं गेलेला. तिनं मधे एकदाही श्वास घेतलेला मी ऐकला नाही. करडाची दोरी माझ्या हातात आली होती. तीन कोट, मांडीवर आपटणारं चाक, ताठ हात, आणि पुढं ओढणारं करडू. मागून येणारे ते हळदीचे व्यापारी माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसले. मीही त्यांच्या पिशव्यांकडे बघून हसलो असतो, पण ताकद नव्हती.

वर मोटार थांबलेली होती. दारापाशी पुन्हा पदराखाली पदर धरला गेला आणि ओटी परत आली. म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लय जड पिकतो गं तांदूळ, तुमच्या सातारला."

एवढंच. काय आहे ते विचारलं नाही. कऱ्हाडला उतरली तेव्हा मी बसल्या जागी अर्धवट झोपलो होतो. जाताना तिनं पोरीच्या गालाला बोट लावलं, असं बहीण सांगते.

सांगलीला पोचेपर्यंत दुपार कलली होती. वाटेत पेठनाक्यावर मोटार आणखी एकदा थांबली, पण तिथं सपाट होतं. सगळे झाडाखाली आडवे झाले. मीही झालो असतो, पण चाकामुळे आडवं होता येत नव्हतं. बहीण मोटारीतच बसून राहिली, दोन्ही हात मांडीवर. तिला पाणी मीच नेऊन पाजलं.

सासरच्या दारात तिच्या सासूबाई भाकरतुकडा ओवाळायला उभ्या होत्या. मोठ्या हाडाच्या, कमी बोलणाऱ्या बाई. मी त्यांना जरा वचकून असायचो. त्यांनी तुकडा टाकला, पोरीला घेतलं, आणि सुनेच्या वाकलेल्या कमरेकडं पाहिलं. बहीण सरळ देवघरापुढं गेली आणि तिथं पदर सोडला. तांदळातून काळं धड बाहेर आलं. कुंकू घामानं सगळीकडे पसरलेलं. दोन्ही जावा धावत आल्या.

सासूबाईंनी विचारलं, एवढं लोखंड घेऊन आलीस कशी, अंग ओलं असताना? मी तिला डोळ्यानं खुणावलं. काही तरी सांगावं, मोटारवाल्यानं चढवलं म्हणावं, इतपत. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. बाभळीपासून सगळं सांगितलं. म्हातारीचं कपाळ मोकळं होतं हेही सांगितलं, आणि आईनं काय म्हणून ओटी भरली होती तेही.

थोरली जाऊ तोंडाला पदर लावून उभी राहिली. मी मनात म्हटलं, संपलं. आता हे मशीन माजघरात कोपऱ्यात जाईल, त्यावर पोती येतील, आणि उद्या त्याच मोटारीनं परत न्या असंही म्हणतील.

सासूबाईंनी पोरीला दुसऱ्या सुनेकडं दिलं आणि त्या धडापुढं बसल्या.

"आवं मास्तर," त्या म्हणाल्या, "मग त्या बाईला घरला का न्हाई आणलं? येवढं वझं व्हायलं तिनं. दोन घास खाऊन गेली असती."

मी म्हणालो, ती कऱ्हाडला उतरली. त्यांना ते पटलं नाही. आपणहून आग्रह करायला नको होता का, असं म्हणत त्या उठल्या, खिडकीखालची ज्वारीची कणगी थोरल्या सुनेला हात लावायला सांगून बाजूला सारली, आणि तिथं जागा झाडून दिली. मग स्वयंपाकघरातून वाटीत शेंगतेल घेऊन आल्या. यंत्राचं तेल त्या दिवसांत कुठून मिळणार?

मी एक एक कोट काढत होतो आणि एक एक खिसा पाटावर रिकामा करत होतो. बहिणीनं माझ्याकडून पोटावरचं चाक सोडवून घेतलं. मला जोडता येईल असं मी म्हटलं, पण तिनं ऐकलं नाही. शिंप्याकडे तिनं ते दहा वेळा उघडून जोडलं होतं. एक स्क्रू सापडेना. मी सहाही खिसे दोनदा पाहिले. अखेर वडिलांच्या कोटाचं अस्तर फाटलेलं निघालं. स्क्रू त्यातून पार खाली, शिवणीपाशी जाऊन बसला होता. मी तो बोटानं वर सरकवत होतो, तेवढ्यात शेजारच्या घरची बाई दारात आली. हातात धोतराचं पान होतं. मशीन आलं म्हणून ऐकलं, असं म्हणाली. नातवाला दोन झबली निघतील का ह्यात?

बहिणीनं हात न थांबवता वर पाहिलं. पदराला अजून तांदूळ आणि कुंकू चिकटलेलं होतं, तोंड उतरलेलं होतं.

"उद्या दुपारी या, वैनी," ती म्हणाली. "माप घ्यायला नातवाला संगं आणा."

मी अस्तर थोडं आणखी फाडलं, स्क्रू काढून तिच्या हातात दिला, आणि भिंतीला टेकून तिथंच बसून राहिलो.